खोकल्याच्या औषधाचं झाकण

जर्मनीतल्या कंपनीने माझी मुलाखत घेतली तेव्हा मी पिंपळे सौदागरच्या आमच्या फ्लॅटमध्ये पलंगावर मांडी घालून बसले होते. मांडीवर उशी, उशीवर लॅपटॉप. वरच्या मजल्यावर कुणाचं तरी फर्निचरचं काम चालू होतं. ड्रिल सुरू झालं की मी माइक बंद करायचे, थांबलं की चालू करायचे. स्क्रीनवर दोन पुरुष आणि एक बाई होत्या. त्या बाईंच्या हातात माझा बायोडेटा होता. त्यातल्या एका ओळीवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "ही कल्पना तुम्हाला सुचली कशी?"

मी म्हणाले, "मी ऑपरेटरचे हात बघत होते."

तिघांनी एकदम माना हलवल्या. एकाने काहीतरी लिहून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदाच मी अनोळखी माणसांसमोर न अडखळता बोलले होते. नोकरी मला बहुधा त्या एका वाक्यावर मिळाली. हात मी बघत होते हे खरंच होतं. पण कल्पना त्या हातांची होती, हे मी सांगितलं नाही.

इंजिनिअरिंग संपल्यावर मला चाकणच्या एका कारखान्यात ट्रेनी म्हणून घेतलं होतं. तिथे मोटारींच्या दरवाज्यांच्या बिजागऱ्या बनत. सकाळच्या शिफ्टला कंपनीची बस पावणेसहाला चौकात यायची आणि नाशिक फाटा, भोसरी, मोशी करत चाकणला पोचायची. जायला तास लागायचा, यायला दोन, कधी अडीच. परतताना मोशीच्या अलीकडे बस एकदा उभी राहिली की ड्रायव्हर इंजिन बंद करायचा आणि सगळे जण झोपून जायचे. खिडक्यांच्या काचांवर डोक्याच्या तेलाचे गोल डाग पडलेले होते. प्रत्येकाचा आपला डाग ठरलेला. काही महिन्यांनी माझाही एक तयार झाला. तो दिसला त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की इथून निघायला हवं.

एक वर्ष ट्रेनी म्हणून गेलं, मग दुसरंही. माझ्या बरोबरीच्या मुली हिंजवडीत लागल्या होत्या किंवा बाहेर गेल्या होत्या. लिफ्टमध्ये भेटणाऱ्या काकू आईला विचारायच्या, "हिचं काय, इथेच का?" आई म्हणायची, "बघतेय ती." वडील पिंपरीच्या एका जुन्या कारखान्याच्या टूलरूममध्ये नोकरी करून निवृत्त झाले होते. ते म्हणायचे, "माझ्या वेळी कंपनी माणसाला धरून ठेवायची. आता माणसानेच कंपनी धरून ठेवायची. तू सोड."

आमच्या लाइनचा सुपरवायझर चाकणशेजारच्याच एका गावचा होता. जिथे त्यांचा ऊस होता तिथे आता दुसऱ्याच कंपनीचं ट्रकचं पार्किंग होतं, आणि तो रोज मोटरसायकलवरून ते ओलांडून कामाला यायचा. एकदा मी धीर करून त्याला विचारलं, "सर, पाच वर्षांनी मी इथे कुठे असेन?"

"इथंच, राव," तो म्हणाला. "याच लायनीवर. फकस्त टोपीचा रंग बदलंल."

आमच्याकडे टोप्यांना रंग होते. कंत्राटी कामगारांना पिवळी, ट्रेनींना निळी, कायम लोकांना पांढरी. तो स्वतः सोळा वर्षांपासून पांढऱ्या टोपीत होता. मी हसले, तोही हसला. त्याच आठवड्यात मी वाकडच्या एका क्लासमध्ये शनिवार-रविवारच्या जर्मनसाठी नाव घातलं.

कंपनीत कायझेनची पद्धत होती. कायझेन म्हणजे कामात केलेली एखादी लहानशी सुधारणा. त्यासाठी एक पिवळा कागद असायचा. एका बाजूला 'आधी'चा फोटो, दुसऱ्या बाजूला 'नंतर'चा, खाली इंग्रजीत चार ओळी आणि सर्वांत शेवटी नाव आणि कर्मचारी-नंबर. प्रत्येक ट्रेनीने महिन्याला असे दोन कागद भरायचे. आता सुधारणा सुचायला त्या मशीनपुढे आठ तास उभं राहावं लागतं, आणि आम्ही तर बोर्ड भरत आणि फोटो काढत फिरायचो. सुचायचं ऑपरेटरना. त्यांना इंग्रजी यायचं नाही आणि आम्हाला यायचं. त्यामुळे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही ट्रेनी पॅड घेऊन लाइनवरून हिंडायचो, आणि सुपरवायझर लांबूनच ओरडायचा, "आल्या बघा गणपतीची वर्गणी मागायला!"

ऑपरेटर वर्गणी द्यायचे. कुणी सांगायचं, ट्रे इकडे ठेवला तर वाकावं लागत नाही. कुणी सांगायचं, या नळीला चिंधी बांधली की तेल सांडत नाही. आम्ही ते इंग्रजीत लिहायचो आणि खाली आमचं नाव घालायचो. यात काही चुकतंय असं कुणालाच वाटत नव्हतं. मलाही नाही.

माझे कागद चांगले व्हायचे. मी शिकले त्या शाळेत मराठीत बोललं की डायरीत शेरा यायचा. त्यामुळे इंग्रजी पक्कं झालं आणि दोन्ही भाषांत गप्प बसायची सवय लागली. बोलण्यापेक्षा लिहिणं मला बरं वाटायचं. हळूहळू बाकीचे ट्रेनीही आपापले कागद माझ्याकडून लिहून घ्यायला लागले.

चार नंबरच्या मशीनवर एक बाई होत्या. वय पस्तिशीचं असेल. लातूरकडच्या. महाळुंग्यात एका खोलीत नवरा आणि सहा वर्षांची मुलगी यांच्यासोबत राहायच्या. टोपी पिवळी. हातात हिरव्या बांगड्या असायच्या, आणि मशीनमध्ये अडकू नयेत म्हणून त्या रोज सकाळी बांगड्यांवर पारदर्शक चिकटपट्टी गुंडाळायच्या. लाइनवर सगळे त्यांना 'चार नंबर ताई' म्हणायचे. मी नुसतं ताई म्हणायचे.

त्यांचं काम असं की बिजागरीच्या भोकात एक छोटी नळी, बुश, बसवायची आणि दांडा ओढून दाबायची. बुशच्या एका टोकाला बारीक कॉलर असते, ती वरच्या बाजूला यायला हवी. उलटी बसली तर वरून चटकन कळत नाही, पण गाडी रस्त्यावर आली की दरवाजा करकरतो. एकदा अशा काही बिजागऱ्या पुढे गेल्या, आमचा ग्राहक असलेल्या मोटार कंपनीकडून तक्रार आली आणि लाइनवर दोन जादा माणसं बॅटरी घेऊन एकेक नग तपासत बसली. रोज मीटिंग, रोज आलेख. मी ते आलेख काढायचे.

एका सोमवारी मी चार नंबरपाशी गेले तर बुश ठेवायच्या जागी पांढरं काहीतरी चिकटवलेलं दिसलं.

"ताई, हे काय आहे?"

त्या दचकल्या. मशीनवर परवानगीशिवाय काही लावायचं नसतं. "काही नाही मॅडम, काढते. पोरीच्या खोकल्याच्या औषधाचं झाकण हाय."

झाकणाला मधोमध गोल भोक पाडलेलं होतं. तापवलेल्या खिळ्याने पाडलं, असं त्यांनी नंतर सांगितलं. बुशचं बारीक टोक त्या भोकातून जायचं, कॉलरचं टोक जायचं नाही.

"हे बघा. सुलट घातली की बसती. उलटी घातली की उभीच ऱ्हाती, मग दांडा खालीच येत नाही. माणूस झोपंत असला तरी उलटी जाणार नाही."

"झोपेत?"

"रात्री अकराला सोडतेत अन् सकाळी सातला पुन्हा बोलावतेत. तवा मी झोपंतच असते की, मॅडम. डोळे तेवढे उघडे असतेत." आणि त्या तोंडाला हात लावून हसल्या.

मी मोबाइलवर फोटो काढला. फोटोत झाकण आलं, आणि दांड्यावर ठेवलेला त्यांचा चिकटपट्टी गुंडाळलेला हातही आला.

त्या दिवशी पिवळा कागद भरताना नावापाशी मी थांबले. हे चिंधी बांधण्यापेक्षा मोठं आहे हे मला कळत होतं. कागद झाल्यावर सगळं कॉम्प्युटरमध्ये भरावं लागायचं आणि तिथे नंबर लागायचा. मी सुपरवायझरला विचारलं.

"काँट्रॅक्टवाल्यांचा नंबर घेत न्हाई ते," तो म्हणाला. "तुमचाच टाका, राव. कशाला आडवताय?"

ताई शेजारीच होत्या. "टाका की मॅडम. मला काय करायचाय कागद?"

मी माझा नंबर टाकला.

टूलरूमने त्या झाकणाच्या जागी स्टीलची रिंग करून बसवली. जादा माणसं उठली, आलेखातली रेघ खाली आली. वर्षाच्या शेवटी कारखान्यात कायझेनची स्पर्धा झाली. ग्राहकाचे लोक आले होते, मी त्यांच्यापुढे इंग्रजीत आठ स्लाइड दाखवल्या. प्रमाणपत्र मिळालं, त्यावर प्लँट हेडची सही. सोबत कंपनीचं चिन्ह असलेलं भिंतीवरचं घड्याळ. घड्याळ मी ताईंना दिलं. त्या आढेवेढे न घेता म्हणाल्या, "द्या. खोलीत घड्याळ नाहीच आमच्या." मला हलकं वाटलं. हिशेब मिटला असं वाटलं.

प्रमाणपत्र बायोडेटात गेलं आणि बायोडेटा जर्मनीला. मुलाखत झाली, पत्र आलं, मी राजीनामा दिला. नोटिशीच्या महिन्यात मला फारसं काम उरलं नव्हतं म्हणून सुपरवायझरने एक तक्ता माझ्याकडे दिला.

"वरून आलंय. आपल्या लायनीवरचे दोघं कंपनीच्या रोलवर घेणारेत. काँट्रॅक्टमधले. ह्यो तक्ता भरा, तुमचं इंग्लिश बरं हाय."

रोलवर घेणं म्हणजे दर सात महिन्यांनी ब्रेक नाही, घरी बसणं नाही, पुन्हा ठेकेदाराच्या दारात उभं राहणं नाही. तक्त्यात रकाने होते: हजेरी, किती मशीन येतात, कायझेन किती. चार नंबरच्या ओळीत हजेरी उत्तम होती. मशीन तीन येत होत्या. कायझेनच्या रकान्यासाठी मी कॉम्प्युटरमध्ये शोधलं. मग मी तिथे शून्य लिहिलं. माझ्या अक्षरात, माझ्या पेनने.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ताई माझ्याकडे आल्या. "मॅडम, एक नवीन सुचलंय. बुशचा ट्रे पुठ्ठा लावून तिरका केला की बुश आपोआप हाताशी येतेत." मग म्हणाल्या, "ह्या टायमाला माझं नाव टाकता येतं का बघा. यादीत धरतेत म्हणं."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

मी सुपरवायझरकडे गेले. तो पाण्याच्या टाकीपाशी हात धूत होता. मी म्हणाले, "सर, ते झाकणाचं कायझेन ताईंचं होतं. ते त्यांच्या नावावर करता येईल का?"

"मला म्हाईत न्हाई व्हय? अख्ख्या लायनीला म्हाईत हाय."

"मग?"

"मग काय? तुमच्या सर्टिफिकेटावर प्लँट हेडची सही हाय. आता जाऊन म्हनायचं, ते खोटं होतं? तुमचं अनुभवाचं पत्र अजून एचआरच्या टेबलावर पडलंय. आडकलं म्हंजी? व्हिसाला लागतंय ना ते?" त्याने हात झटकले. तो वाईट माणूस नव्हता, माझी काळजीच करत होता. "तिकडं गेल्यावर बोला काय बोलायचं ते. इथं नको."

एचआरचं ऑफिस जिन्याने वर होतं. मी जिन्याच्या चार पायऱ्या चढले. वरून कुणीतरी खाली येत होतं, त्यांना वाट द्यायला बाजूला झाले आणि मग खालीच उतरले. शाळेत डायरीत शेरा यायचा तेव्हाही मी असंच करायचे. कुणी काही बोलायच्या आत जागेवर जाऊन बसायचे.

तिरक्या ट्रेचा कागद मी त्या दिवशीच भरला. ताईंचं नाव घातलं. आडनाव मला माहीत नव्हतं, म्हणून नुसतं पहिलं नाव आणि पुढे ठेकेदाराचा कोड. कॉम्प्युटरने तो घेतला नाहीच. सुपरवायझरने कागद बोर्डावर टाचला. 'ट्रायल चालू' अशी पट्टी त्याला लागली. ट्रायल तीन महिने चालते. यादी दहा दिवसांत लागली, तिच्यात ताई नव्हत्या. आणि आठवड्याभरात त्यांच्या सात महिन्यांचा ब्रेक आला.

त्यांचा आणि माझा शेवटचा दिवस एकच निघाला, शनिवार. मला कँटीनमध्ये शाल, नारळ आणि केक मिळाला. एका साहेबांनी भाषण केलं की आपली मुलगी जगाच्या नकाशावर चालली. नंतर मी टोपी आणि बूट परत करायच्या खिडकीशी गेले तर रांगेत माझ्यापुढे ताई उभ्या होत्या. हातात पिवळी टोपी. बांगड्यांवरची चिकटपट्टी त्यांनी काढून टाकली होती.

"तिकडं बी बिजागऱ्याच का, मॅडम?"

"नाही. सीटचे भाग."

"मग तिकडं बी काहीतरी उलटं बसतच असंल." त्यांनी टोपी खिडकीत सरकवली, सही केली आणि माझ्या नारळाकडे बघून म्हणाल्या, "इमानात नारळ नेऊ देतेत का?"

मी म्हणाले, "माहीत नाही." तो नारळ मी त्यांना दिला. घड्याळासारखीच, याही वेळी द्यायला माझ्याकडे फक्त एक वस्तू होती.

इथे येऊन आता आठ महिने झाले. लहान गाव आहे. सकाळी बस पाच पंचविसाला येते, मिनिटभर इकडेतिकडे होत नाही. बसमध्ये कुणी झोपत नाही आणि काचांवर डाग नाहीत. काम तेच: बोर्ड, आलेख, फोटो. संध्याकाळी खोलीवर आले की बूट काढायचाही कंटाळा येतो. ज्या थकव्यापासून मी निघाले होते तो बॅगेतून सोबतच आला असावा. आई व्हिडिओ कॉलवर विचारते, "बरं चाललंय ना?" मी म्हणते, "हो." वडील मागून म्हणतात, "चेहरा उतरलाय तिचा," आणि आई त्यांना गप्प करते.

इथे नव्या माणसाने आपलं जुनं एखादं काम सगळ्यांना दाखवायची पद्धत आहे. दुसऱ्या महिन्यात माझी पाळी आली. मॅनेजर म्हणाले, "तेच दाखवा, बिजागरीचं. मुलाखतीत आवडलं होतं." मी जुन्या स्लाइड उघडल्या. तिसऱ्या स्लाइडवर ते झाकण आणि दांड्यावरचा तो हात होता. स्पर्धेच्या दिवशी मी हीच स्लाइड दाखवली होती, तेव्हा तो हात मला दिसला नव्हता.

मोडक्या जर्मनमध्ये मी म्हणाले, "ही कल्पना माझी नाही. या मशीनवर काम करणाऱ्या बाईंची आहे. मी फक्त कागद भरला. मुलाखतीत मी हे सांगितलं नव्हतं."

कुणीतरी विचारलं, बांगड्यांना चिकटपट्टी का आहे? मी सांगितलं. मॅनेजरांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि म्हणाले, "बरं. पुढची स्लाइड." बस, एवढंच. नोकरी गेली नाही, कुणी वेगळं वागलं नाही. इतकं सोपं होतं ते, आणि त्या खोलीत बोलून चाकणमधल्या कुणाचाही काही फायदा नव्हता.

तरी ते मनातून जाईना. पुढच्या रविवारी दुपारी सुपरवायझरकडून नंबर घेऊन मी ताईंना फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती. मागे कुकरची शिट्टी आणि टीव्हीचा आवाज येत होता.

"कोण? इंग्लिश मॅडम? अगं बाई! तिकडून बोलायलाव का?"

त्या आता चाकणमध्येच दुसऱ्या कंपनीत होत्या. वायरिंगचं काम, बसून करायचं, म्हणून पाय दुखत नव्हते. तिथेही टोपी पिवळीच. घड्याळ पाच मिनिटं पुढे पळतं, पण बरंच आहे, बस चुकत नाही. मी बराच वेळ नुसतं ऐकत राहिले. मग म्हणाले, "ताई, झाकणाचं मी इथे सगळ्यांना सांगितलं. ते तुमचं होतं म्हणून."

"तिथं सांगून काय?" त्या हसल्या. चिडल्या असत्या तरी चाललं असतं. "इथं सांगायचं होतं की."

"हो," मी म्हणाले. "तेव्हा घाबरले मी. चुकलं माझं."

पलीकडे त्यांनी टीव्ही बंद केला. मग त्या म्हणाल्या, "असं करा. ते एका कागदावर लिहून द्या. तुमची सही घाला, तुम्ही आता कुठं हायत ते बी लिहा. इथं बी रोलवर घेणार म्हणायलेत. साहेबाला दाखवते."

"देते. आजच लिहिते इंग्रजीत."

"इंग्रजीत त्यांच्यासाठी लिहा. अन् एक मराठीत लिहा माझ्यासाठी. मागच्या कागदावर माझ्या झाकणाचं काय लिहिलं होतं, मला काय वाचता आलं?"

आम्ही भरलेले ते इंग्रजी कागद त्यांच्या मशीनच्या वरच टांगलेले असायचे. मी मान हलवली, फोनवर दिसत नाही हे विसरून.

"मॅडम? गेलात का?"

"नाही. आहे."

फोन ठेवून मी इंग्रजी पत्र लिहिलं, वीस मिनिटं लागली. मराठीला अख्खी संध्याकाळ गेली. शब्द सापडत नव्हते असं नाही. कुणी केलं ते लपवायला इंग्रजी वाक्यांत जागा असते, ती इथे सापडत नव्हती. 'सदर सुधारणा करण्यात आली' असं लिहिलं आणि खोडलं. 'झाकण यांनी लावलं' असं लिहिलं. मग 'यांनी' खोडलं, कारण तिथे नाव हवं होतं, पूर्ण, आडनावासकट.

मी पुन्हा फोन उचलला. "ताई, झोपल्या नाहीत ना? तुमचं पूर्ण नाव सांगा."

त्यांनी सावकाश सांगितलं. आपलं, मग नवऱ्याचं, मग आडनाव. मी म्हटलं, पुन्हा एकदा सांगा. त्यांनी पुन्हा सांगितलं आणि मी ते लिहून घेतलं.